माय स्कूल वेबसाइटचा रिव्ह्यू (ऑस्ट्रेलियात शाळा शोधणाऱ्या मराठी पालकांसाठी): तो इक्सिआचा आकडा शाळेचा नाहीये

आम्ही मेलबर्नला वेस्टला राहतो, ट्रुगनिनाच्या बाजूला, भाड्याने. लेकीला येत्या जानेवारीत प्रेपला (पहिलीच्या आधीचं वर्ष) घालायचंय आणि नेमकी घराची लीजपण संपतेय, त्यामुळे घर बदलायचंच आहे तर चांगल्या शाळेच्या झोनमध्येच बघू असं ठरलं, कारण इथं सरकारी शाळेत झोनमधल्या मुलांना आधी जागा, बाहेरच्यांना उरली तर. म्हणजे शाळा निवडायची तर आधी पत्ता निवडावा लागतो. दोन झोन डोळ्यासमोर होते, एक आत्ता राहतो तो आणि एक जरा लांबचा. लांबच्या झोनमध्ये असंच तीन बेडरूमचं घर आठवड्याला ८० डॉलरने महाग, वर्षाचे चार हजाराच्या वर जातात, आमचे हे वेअरहाऊसला फोर्कलिफ्ट चालवतात, मी तेव्हा घरीच होते, तर ८० डॉलर ही आमच्यासाठी दोनदा विचार करायची गोष्ट आहे.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं तर दहा मिनिटांत बारा उत्तरं आली आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, इक्सिआ किती आहे? (इक्सिआ, ICSEA, म्हणजे माय स्कूल साइटवर प्रत्येक शाळेपुढे असतो तो एक आकडा.) एक ताई म्हणाल्या ११०० च्या खाली असेल तर बघूच नका. एका दादांनी तर आसपासच्या सगळ्या शाळा इक्सिआप्रमाणे वरून खाली लावलेलं एक्सेलच टाकलं. लांबच्या झोनवाली शाळा ११०० च्या वर, आमच्या आत्ताच्या झोनवाली हजाराच्या जरा खाली. झालं, विषय संपला असं सगळ्यांना वाटलं, आणि खरं सांगते मलाही तसंच वाटलं, रात्री ह्यांना म्हटलंसुद्धा की काढू कुठूनतरी ते ८० डॉलर.

मग म्हटलं ती साइट आपण स्वतः तरी उघडून बघावी. बीड जिल्ह्यात नऊ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय मी, शाळाशाळांची तुलना म्हणजे काय असतं ते बाईंच्या खुर्चीत बसून भोगलंय, आणि इथं येऊन मीच एका आकड्यावरून शाळा नाकारत होते. तीन रात्री लेक झोपल्यावर बसले. त्या तीन रात्रींत जे कळलं ते लिहितेय, जरा लांब झालंय पण शाळा बघत असाल तर वाचाच.

आधी साइटबद्दल. माय स्कूल ही सरकारी साइट आहे, फुकट आहे, २८ जानेवारी २०१० ला सुरू झाली, ज्युलिया गिलार्ड तेव्हा शिक्षणमंत्री होत्या. चालवते अकारा नावाची संस्था, तीच इथला राष्ट्रीय अभ्यासक्रम आणि नॅपलॅन परीक्षा बघते. नॅपलॅन म्हणजे तिसरी, पाचवी, सातवी, नववीच्या मुलांची देशभर एकच परीक्षा, २००८ पासून आहे, वाचन, लेखन, स्पेलिंग-व्याकरण आणि गणित. साइट आली तेव्हा शिक्षकांच्या युनियनने जोरदार विरोध केला होता, नॅपलॅनवर बहिष्कार टाकायची धमकी दिली होती, कारण पेपरवाले लगेच शाळांचे नंबर लावणार आणि गरीब वस्तीतल्या शाळा तळाला दाखवणार ही भीती. त्यांची भीती मला इथं बसून शंभर टक्के समजते. सरकारचं म्हणणं होतं की आम्ही नुसते मार्क टाकणार नाही, सारखी परिस्थिती असलेल्यांशीच तुलना दाखवू. ती परिस्थिती मोजायला जो आकडा काढला तो म्हणजे हा इक्सिआ.

आता हे नीट वाचा. इक्सिआ बनतो कशाचा? आईवडील किती शिकलेत, काय काम करतात, शाळा शहरात आहे की लांब कुठंतरी आडवळणाला, आणि शाळेत ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी कुटुंबातली मुलं किती टक्के. बस. यात शिक्षक कसे आहेत ते नाही, मुलांचे मार्क नाहीत, शाळेची फी नाही, घरात पैसा किती आहे तेपण नाही. यातली कुठली गोष्ट किती जड धरायची ते नॅपलॅनच्या निकालाशी तिचा किती संबंध लागतो त्यावरून ठरवलंय, पण तुमच्या शाळेचा निकाल त्या आकड्यात मिसळत नाही. सरासरी १००० ठेवलीय, साधारण दोन तृतीयांश शाळा ९०० ते ११०० च्या मधे पडतात, अगदी दुर्गम भागातल्या शाळा ५०० च्या आसपास आणि एकदम उच्चशिक्षित पालकांच्या १३०० पर्यंत. साइटवर स्वतः अकाराच सांगते की हा शाळेच्या दर्जाचा आकडा नाही. म्हणजे इक्सिआ ११२० याचा अर्थ 'या शाळेत मुलं घरून बरंच काही घेऊन येतात' एवढाच. शाळा त्यात काय भर घालते हे त्या आकड्यात कुठंच नाही! आणि आपले लोक तो आकडा दहावीचे टक्के वाचल्यासारखे वाचतात.

माझ्या डोक्यात हा प्रकाश पडला तो एनरोलमेंट फॉर्ममुळे. आत्ताच्या झोनवाल्या शाळेतून तो आणलेला होता, ओट्यावर पडून होता आठवडाभर. त्यात पालकांच्या माहितीचं एक पान असतं, लोक ते घाईत भरतात किंवा सोडून देतात. शाळेत कितवीपर्यंत शिकलात, त्यानंतर काय केलं, डिग्री, डिप्लोमा, सर्टिफिकेट की काहीच नाही, आणि कामाचा ग्रुप कोणता. शेवटी कामांची मोठी यादी दिलेली असते. ग्रुप ए मोठे मॅनेजर, डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षकसुद्धा यात. ग्रुप बी छोट्या धंद्याचे मालक, टेक्निशियन वगैरे. ग्रुप सी ट्रेडवाले (सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन), क्लार्क, सर्व्हिसवाले. ग्रुप डी ड्रायव्हर, मशीनवाले, सफाई, मजुरी. आणि गेले बारा महिने पगारी काम नसेल तर एन लिहायचं. ह्यांच्यापुढे मी डी लिहिलं. माझ्यापुढे एन. पेन तिथंच थांबला माझा, कारण गावाकडे असते तर मी ग्रुप ए होते.

शिक्षणाच्या रकान्यात मात्र टिक कुठं करावी कळेना, बी.एड. इथं चालत नाही, मला इथं शिकवायचं तर वेगळं रजिस्ट्रेशन, इंग्रजीची परीक्षा, बरंच काही आहे, म्हणून तो रकाना कोराच ठेवून फॉर्म द्यायला गेले. ऑफिसातल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी विचारलं डिग्री आहे ना, मग टिक कर, कुठल्या देशाची ते विचारलेलंच नाहीये. माझं एम.ए. बी.एड. आणि ह्यांचं बी.कॉम., दोन्ही रकान्यांत डिग्री आणि त्यापेक्षा जास्त. तर ही आमच्या घराची कुंडली, शिक्षण वरचं, काम खालचं. आणि अशा सगळ्या घरांची मिळून शाळेची कुंडली. पानाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं की ही माहिती शाळेची सामाजिक पार्श्वभूमी मोजायला वापरतात. घरी येऊन साइट परत उघडली आणि लक्षात आलं, ग्रुपवर लोक ज्याला शाळेचा नंबर म्हणतायत तो आमच्यासारख्यांच्या फॉर्मांवरून बनलेला आहे. आमच्यासारखी फोर्कलिफ्टवाली, उबरवाली, रात्रपाळीला एज्ड केअरला जाणारी कुटुंबं जास्त आली की आकडा खाली. शाळेतल्या बाई तितक्याच जीव तोडून शिकवत असल्या तरी.

(इक्सिआ पहिल्यांदा आला तेव्हा तर पालकांना न विचारता मुलाच्या घराच्या भागातली जनगणनेची माहितीच वापरत होते, २०११ पासून पालकांची थेट माहिती घ्यायला लागले. ते फार बरं केलं, कारण एकाच गल्लीत बंगलेवाला आणि भाडेकरू दोघं राहतात. पण थेट माहिती पुरेशी नसेल तर अजूनही जनगणनेवर जातात, म्हणून ते पान कोरं सोडू नका, खरंखुरं भरा.)

आता साइटचा जो भाग खरंच सोन्यासारखा आहे तिकडे येते. शाळेचं नाव टाका, नियम मान्य करा, मी रोबोट नाही ते सांगा, मग नॅपलॅनच्या टॅबवर जा. तिथं वर्षावर्षाचा तक्ता येतो, तिसरी पाचवी, वाचन लेखन वगैरे, आणि तुलना कोणाशी करायची ते निवडता येतं. एक पर्याय, ऑस्ट्रेलियातली सगळी मुलं. दुसरा पर्याय, सारखी पार्श्वभूमी असलेली मुलं. चौकट हिरवी असेल तर शाळा वर, गडद हिरवी म्हणजे बरीच वर, गुलाबी म्हणजे खाली, लाल म्हणजे बरीच खाली, पांढरी म्हणजे जवळपास सारखं.

मी आधी लांबच्या झोनवाली शाळा उघडली, सगळ्या मुलांशी तुलना. हिरवंगार. म्हटलं बघा, आहेच चांगली. मग दुसरा पर्याय दाबला, सारखी पार्श्वभूमी. हिरवं गेलं. लेखन सोडलं तर सगळं पांढरं, आणि गणिताच्या दोन चौकटी गुलाबी. मला वाटलं चुकून दुसरीच शाळा उघडली गेली म्हणून नाव परत वाचलं.

मग आमची, हजाराच्या खालची. सगळ्या मुलांशी तुलना केली की बरंचसं पांढरं, तिसरीचं वाचन गुलाबी. दुसरा पर्याय दाबला आणि पाचवीचं वाचन हिरवं, पाचवीचं गणित हिरवं, एक वर्ष तर गडद हिरवं, तिसरीचं मात्र पांढरं. मागची वर्षं काढून बघितली, तोच नमुना. तिसरीला पोरं मागं असतात आणि पाचवीपर्यंत आपल्यासारख्या इतर मुलांच्या पुढं जातात. ह्याचा अर्थ काय? त्या मधल्या दोन वर्षांत त्या शाळेत कुणीतरी काहीतरी करतंय. रात्रीचे साडेबारा वाजले होते, मी ह्यांना उठवून फोन दाखवला, ते झोपेत म्हणाले मग तेवढंच भाडं राहू दे की.

मला रडू आलं त्या रात्री, आणि ते भाड्यासाठी नव्हतं. धारूरकडच्या डोंगरपट्ट्यातली माझी शाळा आठवली. दिवाळी झाली की अर्धा वर्ग रिकामा. मुकादमाची उचल घेतलेली असायची, कोयते निघायचे, आईबाप जाणार तर पोरं कुठं ठेवणार, टोळीबरोबर पोरंपण जायची कारखान्यावर, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात, ते पाडव्याच्या आसपास परत. हंगामी वसतिगृह असायचं, आजी-आजोबांकडे राहिली तर जेवणाची सोय व्हायची, पण आजी असायला तर पाहिजे ना धडधाकट. एक मुलगी होती चौथीत, परत आली की हाताला उसाच्या पाचटाचे चरे, आणि कडेवर धाकटा भाऊ, त्याला घेऊनच वर्गात बसायची. एक मुलगा होता, त्याला मी विचारलं एका टनाला मोळ्या किती होतात, तर पटकन सांगायचा, दोन गाड्यांचे टन, मुकादमाने कापलेले पैसे, हातात किती राहिले, सगळं तोंडी. तेच गणित शाब्दिक उदाहरण म्हणून कागदावर दिलं की कोरं सोडायचा, कारण वाचनच चार महिने बुडालेलं.

२०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आलं, पायाभूत चाचणी, संकलित चाचणी, आणि शाळा प्रगत की अप्रगत. कार्यक्रमाचा हेतू चांगलाच होता, प्रत्येक मूल शिकलं पाहिजे याला कोण नाही म्हणेल. पण केंद्राच्या बैठकीत आमच्या शाळेची यादी आणि बाजारपेठेच्या गावातल्या शाळेची यादी शेजारीशेजारी ठेवून वाचायचे, आणि मला उभं करून विचारायचे, बाई, त्यांना जमतं तुम्हाला का नाही जमत? त्यांच्या वर्गात शिक्षकांची, दुकानदारांची, पतसंस्थेतल्या लोकांची मुलं होती. त्यांचा वर्ग वर्षभर भरलेला होता. मी म्हणायचे साहेब, माझी मुलं नोव्हेंबरला जिथं होती तिथून मार्चला कुठं आली ते तरी बघा, चार महिने उसात राहून परत आलेलं पोर जूनपर्यंत वाचायला लागलं याला काही मार्क आहेत का? नव्हते. त्या यादीत तो रकानाच नव्हता. आणि इथं फोनवर तोच रकाना मला एक बटण दाबून दिसत होता.

कुणी विचारेल हा एवढा फरक का पडतो, तर आमच्याकडच्या माणसाला साखर कारखान्यावरून लगेच कळेल. कोल्हापूरच्या कारखान्याची रिकव्हरी (शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते ते) बाराच्या आसपास जाते, आमच्या भागातल्या कारखान्याची त्याच्या बरीच खाली राहते. म्हणून काय कोल्हापूरचे सगळे चीफ केमिस्ट हुशार आणि आमचे सगळे बिनकामाचे? ऊस वेगळा, जमीन वेगळी, पाणी वेगळं, तोडल्यापासून गाळपाला किती तासांत पोचतो ते वेगळं. कारखाना कसा चालवलाय ते बघायचं असेल तर तसाच ऊस गाळणारा दुसरा कारखाना शेजारी ठेवावा लागतो. शाळेला हीच गोष्ट कोणी लावत नाही.

बरं, आता तक्रारी. बऱ्याच आहेत आणि काही मोठ्या आहेत.

पहिली म्हणजे तो इक्सिआ शाळेच्या पहिल्याच पानावर ठळक येतो. इतका महत्त्वाचा इशारा, की हा दर्जा नाही, तो मात्र शोधावा लागतो. पालक पहिलं पान बघून बाहेर पडतात, रंगांच्या तक्त्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यांनी आकडा आत टाकून पहिल्या पानावर ती दुसऱ्या पर्यायाची तुलना दाखवली तर निम्मे गैरसमज जातील. पहिल्या पानावर आकड्याखाली एक पट्टी असते, देशातल्या पालकांचे चार समान भाग केले तर या शाळेतले पालक कुठल्या भागात किती, ती जास्त कामाची आहे, ती बघा. एकाच आकड्याच्या दोन शाळांत एकीकडे सगळे मधले असू शकतात आणि दुसरीकडे अर्धे अगदी वरचे अर्धे अगदी खालचे, वर्ग सांभाळणाऱ्या बाईला या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक असतो.

दुसरी तक्रार आपल्या लोकांबद्दलच आहे आणि ती मनापासून सांगते. आपल्याकडे शनिवार-रविवार कोचिंग. सिलेक्टिव्ह शाळेची (परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळेची) तयारी चौथीपासून, काही घरांत त्याही आधी. व्हिक्टोरियात सरकारी सिलेक्टिव्ह शाळा चारच, मेलबर्न हाय, मॅकरॉबर्टसन गर्ल्स, नोसल आणि आपल्या वेस्टला सुझान कोरी, प्रवेश नववीला, त्यामुळे चुरस भयंकर. आता ज्या शाळेत अशी कोचिंगवाली मुलं भरपूर, तिथल्या हिरव्या चौकटीत शाळेचं किती आणि कोचिंगच्या सरांचं किती? हे साइटला कळत नाही. आईवडिलांचं शिक्षण विचारतात, कोचिंगला महिन्याला किती घालता ते विचारत नाहीत. म्हणून ज्या भागात आपले आणि चिनी, श्रीलंकन पालक जास्त आहेत तिथलं हिरवं जरा सावध होऊन वाचा. परदेशी भाषेच्या घरातली मुलं किती टक्के ते त्याच पहिल्या पानावर असतं.

आणि याचीच दुसरी बाजू. माझ्यासारखी एम.ए. झालेली बाई जिचं इंग्रजी अडखळतं, आणि इथंच जन्मलेली डिग्रीवाली बाई, फॉर्मवर दोघी सारख्या. रात्री पुस्तक वाचून दाखवताना त्या बाईच्या मुलाला इंग्रजी घरातच मिळतं, माझ्या लेकीला मराठी मिळतं (ते मी सोडणार नाही, ते वेगळं), म्हणजे शाळेतल्या बाईंचं काम तिच्यासाठी जास्त. तो जास्तीचा भार या मोजमापात नीट येत नाही असं मला वाटतं. निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांचं तर आणखीच कठीण, वडील तिकडे डॉक्टर होते म्हणून फॉर्मवर डिग्री लागते पण मुलाची दोन वर्षं छावणीत शाळेविना गेलेली असतात.

बाकी छोट्या गोष्टी. लहान शाळेत एका इयत्तेत पंधरा-वीस मुलं असतील तर दोन मुलांनी सरासरी हलते, त्यामुळे एका वर्षाचा रंग बघून काही ठरवू नका, चार-पाच वर्षं बघा. पण त्यातही अडचण, २०२० ला कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, आणि २०२३ ला परीक्षा मेवरून मार्चला आणली, मोजपट्टी नव्याने लावली, आधीच्या बँडऐवजी चार पातळ्या आल्या, त्यामुळे २०२३ च्या आधीचे आणि नंतरचे मार्क एकमेकांशी लावायचे नाहीत. रंग मात्र त्या त्या वर्षीच्या इतर मुलांशी तुलना करून येतात, म्हणून मी रंगांचा नमुना बघितला. फोनवर तक्ता आडवा सरकवत बसावं लागतं, लॅपटॉप असेल तर त्यावरच बघा. चित्रकला, खेळ, मुलांशी वागणूक, डब्यात पोळी-भाजी नेली तर कुणी नाक मुरडतं का, यातलं साइटवर काही नाही, ते शाळेत जाऊनच बघावं लागतं. हजेरीचा टॅब मात्र आवर्जून बघा, किती टक्के मुलं ९० टक्क्यांच्या वर हजर राहतात ते तिथं आहे, मी जुनी बाई असल्यामुळे माझा त्या आकड्यावर मार्कांपेक्षा जास्त विश्वास. पैशाचा टॅबपण आहे, शाळेला दर मुलामागे किती मिळतात, सरकारकडून किती, फीमधून किती. दोन शाळांचा तो आकडा शेजारी ठेवून बघा एकदा.

माझी नणंद इंग्लंडमध्ये असते, स्लाऊला. तिच्याशी बोलले तर ती म्हणाली आमच्याकडे असं काही होतं ते बंद केलं. मग शोधून वाचलं. तिथं २००६ ला पार्श्वभूमी धरून शाळेची भर मोजायची पद्धत आणली होती आणि २०१० ला नवीन सरकार आल्यावर ती काढून टाकली, कारण त्यांचं म्हणणं, गरीब मुलांकडून कमी अपेक्षा ठेवायला ती सवलत देते. नंतर २०१६ पासून प्रोग्रेस ८ आलं, त्यात मूल प्राथमिक संपताना कुठं होतं आणि सोळाव्या वर्षी कुठं पोचलं एवढंच, घरची परिस्थिती धरत नाहीत. या म्हणण्यावर मी खूप विचार केला, कारण तो मुद्दा उडवून लावण्यासारखा नाहीये. उद्या कुणी माझ्या लेकीला म्हणालं की फोर्कलिफ्टवाल्याची मुलगी आहे, एवढं आलं तरी पुष्कळ, तर मला ते अजिबात चालणार नाही. पण म्हणून बाईंवर अन्याय करायचा का? माझं मत असं, मुलाला सांगताना एकच मापदंड, वाचता आलंच पाहिजे, गणित आलंच पाहिजे, त्यात बापाचा पगार आणायचा नाही. आणि शाळेला जाब विचारताना, पालकांनी पैसे मोजून शाळा निवडताना, सरकारने मदत कुणाला आधी द्यायची ते ठरवताना परिस्थिती धरायचीच. माय स्कूलवर दोन्ही तुलना एकाच ठिकाणी आहेत आणि मला तेच पटतं. सगळ्या मुलांशी केलेली तुलना सांगते मूल कुठं आहे, सारख्या मुलांशी केलेली सांगते शाळेने काय केलं. दोन्ही लागतात.

आपल्या महाराष्ट्रात दहावीचा निकाल लागला की चौकात फ्लेक्स, शाळेचा निकाल शंभर टक्के. आमच्या तालुक्याला अशी एक शाळा होती, नववीतल्या कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून सांगायची, याला १७ नंबरचा फॉर्म भरायला लावा, बाहेरून बसवा. ती मुलं शाळेच्या निकालात धरलीच जायची नाहीत. माझ्या शाळेतून गेलेला तो मोळ्यांचा हिशेब करणारा मुलगा तिथंच होता, त्यालाही १७ नंबरच भरायला लावला. फ्लेक्सवर शंभर टक्के लागले त्या वर्षी. आपल्याकडे असा पार्श्वभूमी धरून मोजणारा एक रकाना जरी आला ना, नुसता आई किती शिकली आणि वर्षातले किती महिने घर गावाबाहेर असतं एवढे दोन प्रश्न जरी धरले, तरी ऊसतोडीच्या गावांतल्या किती शाळा हिरव्या दिसतील! त्या बायांना आणि गुरुजींना कोणीतरी एकदा ते दाखवायला हवंय.

मार्क द्यायचे तर पाचपैकी चार. त्या दुसऱ्या पर्यायाच्या तुलनेला मी पाचपैकी पाच देईन, इक्सिआ समोर मांडायच्या पद्धतीला दोन. ग्रुपवरच्या एक्सेलला काहीच नाही, आणि त्या दादांना मी तसं फोन करून नीट समजावून सांगितलं, त्यांनी ऐकलं, शेजारी एक रकाना वाढवून परत टाकलं.

आम्ही आहे त्याच झोनमध्ये राहिलो, लीज एक वर्षाने वाढवली. सही करायच्या आधी शाळेची टूर घेतली. पहिलीच्या वर्गात एक बाई फरशीवर मांडी घालून चार पोरांना घेऊन बसल्या होत्या, प्रत्येकाच्या मांडीवर छोटा पांढरा बोर्ड, एकेक आवाज म्हणायचा, लिहायचा, पुसायचा, परत. एक मुलगा चुकला तर त्यांनी त्याचा बोर्ड स्वतः न पुसता त्याच्याच हातात कपडा दिला. मी दारात उभी राहून दहा मिनिटं बघत होते, प्रिन्सिपल मॅडम पुढे निघून गेल्या होत्या.

मधल्या काळात माझा चाइल्डकेअरचा कोर्स पूर्ण झाला, गेल्या महिन्यापासून कामाला लागले. यादी काढून बघितली, चाइल्डकेअर वर्कर ग्रुप सी मध्ये आहे. फॉर्मवर अजून एन आहे, सोमवारी ड्युटीच्या आधी शाळेच्या ऑफिसात जाऊन बदलून घ्यायचंय.